मिटल्या डोळ्याचं गाढव

३ फेब्रुवारी

चिमणे,

पार्सलात गाढवं आहेत. ती नंतर बघ, हे पत्र आधी वाच. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू बोलत सुटतेस, मी हं हं करत बसते, आणि फोन ठेवला की कळतं, आणखी गाढवं कबूल करून बसले. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागत नसेल तर चष्मा लाव.

मला आता गाढव काढायचं नाही.

लगेच कपाळाला हात लावू नकोस. आमच्या मास्तरांचं शिवणाचं दुकान तयार कपड्यांनी बुडवलं, तेव्हापासून घर गाढवावर चालतं, हे मला तुझ्याआधी कळतं. पण एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही, ती आज सांगते. ते मिटल्या डोळ्याचं गाढव मी काढलंच नव्हतं. ते झालं. पहिल्या वेळी मी दोन्ही डोळे चांगले उघडे काढले होते. ब्रश धुऊन झटकला आणि पाण्याचा थेंब नेमका डाव्या डोळ्यावर पडला. रंग फुटला. कागद महागाचा, टाकवेना, म्हणून डागावर एक आडवी रेघ ओढली आणि डोळा मिटला. तू पाहिलंस आणि म्हणालीस, ताई, काय भाव आणलास तोंडावर. भाव कसला आलाय, डाग होता तो.

तेव्हापासून काय करते ते ऐक. नुसती रेघ मारली तर गाढव झोपलेलं दिसतं, आपलं दिसत नाही. म्हणून रोज आधी चांगला डोळा काढते. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडते. तो फुटेपर्यंत थांबते. मग रेघ. म्हणजे सकाळी उठायचं, मन लावून डोळा काढायचा आणि स्वतःच्या हाताने तो नासवायचा. चूक एकदा करायला अक्कल लागत नाही. तीच चूक रोज, त्याच जागी, तशीच्या तशी करायला जे काय लागतं, ते माझ्याकडचं संपलं.

घरात पाय ठेवायला जागा नाही. मास्तरांच्या कापायच्या टेबलावर गाढवं, दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली गाढवं. मास्तर त्यांच्या मधून वाकून खुर्चीपर्यंत जातात आणि दिवसभर तिथेच बसतात. काल म्हणाले, ही सगळी माझ्याकडे एकाच डोळ्याने का बघतात. मी म्हटलं, तुमची लायकी तेवढीच आहे.

पार्सलाच्या तळाशी एक कावळा आणि एक शिडी ठेवली आहे. मनापासून काढलीत. ती लाव. गाढवाच्या ऑर्डरी घेणं बंद कर.

तुझी ताई

---

१४ फेब्रुवारी

ताई,

आधी हात जोडते. थेंबाचं कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. मी आपल्या पेजवर लिहिलंय की हे गाढव एक डोळा मिटून जगाकडे बघतं. लोक त्यावर काय काय लिहितात तुला माहीत नाही. एका बाईंचे वडील आजारी होते, शेवटपर्यंत गाढव त्यांच्या उशाशी होतं. त्यांना आता सांगू का, की तो डाग आहे?

कावळा आणि शिडी त्याच दिवशी लावली. कावळा छान आहे म्हणाले. मग विचारलं, याचा डोळा कधी मिटणार? शिडीखाली एकाने लिहिलं, गाढव वर चढलंय का? मला हसू आलं. तुला येणार नाही, ठाऊक आहे. ताई, कुणी घेतलं नाही. दोन्ही माझ्या खोलीत लावलीत.

तुला वाटतं मी इथे नुसती बसून ऑर्डरी घेते. लोक गाढव घेत नाहीत, तुझा हात घेतात. पेजवर सगळ्यात वर मी तेच लिहिलंय: मोकळ्या हाताने काढलेलं, नक्कल नाही, छाप नाही, एकही दुसऱ्यासारखं नाही. छापील गाढवं बाजारात ढिगाने मिळतील. आपल्याकडे येतात ते या एका वाक्यासाठी.

एवढे थोडे महिने काढ. कोरे कागद पाठवतेय, निळा आणि तपकिरी रंगही. खिडकीत ऊन आलंय. दुपारच्या वेळी ही खोली इतकी शांत असते, मला कधी कळलंच नव्हतं.

भावोजींना नमस्कार. त्यांना सांग, एकाच डोळ्याने बघितलं म्हणून लोक पैसे देतात.

चिमणी

---

२ मार्च

चिमणे,

तुझ्या खिडकीत दुपारी ऊन येतं हे तुला कुठून कळलं? दुपारी तू ऑफिसात असतेस. आजारी आहेस का? असशील तर सरळ सांग, आडून आडून ऊन दाखवू नकोस.

आता माझं ऐक. आमच्या जिन्याखाली इस्त्रीवाली आहे, कपाळावर घाम आणि तोंडात शिव्या, पण बाई सोन्यासारखी. मीच तिला म्हटलं, बस स्टुलावर, तुझं चित्र काढते. किती दिवसांत माणसाचं तोंड काढलं नव्हतं. ती बसली. कपाळ आलं, कानशिलाला चिकटलेले ओले केस आले, हातावरचा जुना चटका आला. मला बरं वाटत होतं. मग डोळे. उजवा काढला. डावा काढला. आणि माझ्या हाताने ब्रश पाण्यात बुडवला आणि तिच्या डोळ्यावर थेंब सोडला.

मी नाही सोडला. हाताने सोडला. मी बघत होते.

तिने चित्र घेतलं, लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "मी काय झोपेत इस्त्री करते?"

ती हसली. तिच्या गिऱ्हाइकांनाही दाखवून हसली. मी वर आले आणि दार लावून घेतलं. मास्तरांना काढायला बसले, तेच झालं. आरशात बघून मला काढलं, तेच. मग किटली काढली, बादली काढली, ती नीट जमली. भांड्यांना डोळे नसतात.

हात दुखत असता तर डॉक्टरला दाखवला असता. पण तो दुखत नाही, उलट मजेत आहे. घाण्याच्या बैलासारखी त्याला एकच वाट पाठ झाली आहे, दुसरीकडे वळवला तरी तो तिथेच येतो. मी कशाला घाबरणारी बाई नाही. लहानपणी विहिरीत उतरून तुझी चप्पल मी काढली होती. पण परवापासून मी माझ्याच हाताला घाबरते.

या खेपेला गाढवं कमी आहेत. आणखी मागू नकोस. थोडे दिवस मला सोड.

तुझी ताई

---

१२ मार्च

ताई,

इस्त्रीवालीचं वाचून इतकी हसले की चहा सांडला. झोपेत इस्त्री, काय बोलली गं. अगं, हाताला सवय लागते एवढंच. मी इतकी वर्षं ऑफिसात एकच शिक्का मारला, एकदा घरच्या वाणसामानाच्या यादीवरही मारला होता. म्हणून काय हात कापून टाकायचा?

ऑफिसची काळजी तू करू नकोस. रजा शिल्लक होती, घेतली.

थोडे दिवस सोडते असं मी लिहिणारच होते. पण मधल्या मध्ये एक मोठा दुकानदार आला. त्याच्या दुकानात एक अख्खी भिंत आहे, ती त्याला आपल्या गाढवांनी भरायची आहे. मी हो म्हणून बसले. तू म्हणशील, उंटावरून शेळ्या हाकते. हाकते, कबूल. पण ताई, अशी भिंत पुन्हा मिळणार नाही. ही एकदा झाली की आपण आपल्या मनासारखं काढू. आपण म्हणजे तू.

भावोजी नुसते बसून असतात ना? त्यांना कागद कापायला लाव. तेवढाच तुझा भार हलका.

कागदांचे गठ्ठे निघालेत. वेळेत दे, माझी लाज राख.

चिमणी

---

५ एप्रिल

चिमणे,

भिंत म्हणालीस ना, घे. भरून उरतील एवढी गाढवं पाठवली आहेत. मास्तरांना कागद कापायला लाव म्हणालीस, लावलं. फारच कामाचे निघाले. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं त्यांना. बेसूर घालतात, पण घालतात.

माझी तब्येत उत्तम. सकाळी आवरलं की कागद घेऊन जिन्यात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय काढते. चपला, टाचा, सुजलेले घोटे. पायांपासून सुरुवात केली आहे. गुडघे जमले की वर चढेन. डोळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागेल, पण मला कुठली गाडी पकडायची आहे. लोक विचारतात, काकू, जिन्यात का बसलात. मी म्हणते, वारा खाते. वाऱ्याचा पत्ता नसतो.

गाढवं कशी वाटली ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

तुझी रजा संपली का गं?

तुझी ताई

---

१६ एप्रिल

ताई,

पार्सल उघडलं. गाढवं जमिनीवर मांडली आणि मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. बराच वेळ कळेना. मग कळलं. सगळी उजवीकडे बघतात. आपलं गाढव डावीकडे बघतं आणि डावा डोळा मिटतं. यांनी सगळ्यांनी उजवा मिटलाय.

मी दोन उचलली, खिडकीच्या काचेवर एकावर एक धरली. कानावर कान बसला, शेपटीवर शेपटी. तिसरं धरलं, तेही बसलं. मोकळ्या हाताने असं होत नाही. आणि कागदांच्या कडेला निळी भुकटी आहे. तुझं नवीन लग्न झालं तेव्हा भावोजींच्या दुकानात मी ती बघितली आहे. कागदाला सुईने भोकं पाडायची, तो कापडावर ठेवायचा, भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची, की खाली नक्षी उमटते. खाका म्हणायचे त्याला. ताई, तू मला खाक्याची गाढवं पाठवलीस. मी जगाला काय लिहून बसले आहे ते तुला माहीत असताना.

आता माझंही ऐक. मी रजेवर नाही. जानेवारीतच नोकरी सोडली. साहेबाची कटकट, तो शिक्का, सगळ्याचा वीट आला होता आणि गाढव जोरात होतं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. आता माझं घरही तुझ्या हातावर आहे.

ही सगळी परत पाठवायची असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात तो दुकानदार माल बघायला दारात हजर. जमिनीवर ही उजवीकडची, भिंतीवर माझ्याकडचं जुनं डावीकडचं. त्याने एक उचललं, भिंतीवरच्याशेजारी धरलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागली, एक एक डोळा मिटून. तो म्हणाला, ही तर जोडी आहे.

त्याला आता जोड्या हव्यात. भिंतभर. डावी तुझ्या हातची, लागतील तेवढी, लवकर.

तो गेल्यावर मी रडले. पण तो असताना हो म्हणाले होते.

चिमणी

---

२४ एप्रिल

चिमणे,

खाका मास्तरांचाच. त्यांनी शिवणयंत्रातून दोरा काढला, माझं एक गाढव कागदावर गिरवलं आणि नुसत्या सुईने रेघेवरून टिपा मारत गेले. मग थोपटायचं, रंग भरायचा, थेंब सोडायचा, रेघ ओढायची. सगळं त्यांनीच केलं. मीच करू दिलं. लबाडी माझी आहे, त्यांच्या माथी मारू नकोस.

उलटं कसं झालं तेही सांगते. जन्मभर कापडाची उलट-सुलट बाजू बोटांनी ओळखणारा माणूस. पण पुरचुंडी सैल होती, आधी फडक्यावर करून बघतानाच खाका दोन्हीकडून निळा झाला. जेवायला उठले, परत आले, हाताला आला तसा कागदावर ठेवला आणि सगळी तशीच काढली. मला म्हणतात कसे, कागदाला कसली आली सुलट. आणि मी? मी ती सगळी दोरीवरून काढून तुझ्या पार्सलात भरली. आजवर किती काढली असतील, तरी मला दिसलं नाही. खरं सांगू? कित्येक महिने मी गाढवाकडे बघतच नव्हते.

आता तुझं. नोकरी सोडल्याचा राग नाही मला. ज्याचं त्याचं नशीब, ज्याचा त्याचा साहेब. राग याचा आहे की मी नको म्हणेन म्हणून तू विचारलं नाहीस. म्हणजे उत्तर तुला माहीत होतं. माझ्या गळ्यात दोरी बांधलीस आणि दुसरं टोक स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलंस. आता मी थांबले की तू लटकणार. आणि मी थांबले नाही की मी. हे तुला शिक्के मारून मारून सुचलं का?

तुला लटकवणार नाही, एवढं तू ओळखून आहेस. गाढवं काढते. पण माझ्या अटी आहेत, त्या नीट वाच.

डावीकडची माझी, हाताने. उजवीकडची मास्तरांची, खाक्याने. पेजवर तसं स्वच्छ लिही. लोकांना माझा हात विकतेस तर माझाच दे, आणि मास्तरांचा विकतेस तर मास्तरांचा सांग. हे लिहिलं नाहीस तर एकही गाढव यायचं नाही, मग तुझा दुकानदार भिंतीला चुना लावू दे.

दुसरं, दुपारच्या जेवणानंतर मी गाढवाला हात लावणार नाही. ती वेळ माझी. त्या वेळी मी मेले असं समजायचं.

तिसरं, नोकरी बघ.

खाका फाडून टाकायचा माझ्या मनात होतं. टेबलापाशी गेले तर मास्तर त्याची कड कातरीने सरळ करत होते आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला होता, सुलट बाजू कळावी म्हणून. नाही फाडवला. असे जोडीने जुंपलो आहोत.

तुझी ताई

---

९ मे

ताई,

तू सांगितलंस तसं लिहिलं. काहींनी टोमणे मारले, घरात कारखाना काढला का म्हणाले. दोघा-तिघांनी ऑर्डर मागे घेतली. पण बाकीच्यांना तर जास्तच आवडलं. डावं बायकोचं, उजवं नवऱ्याचं, आणि दोघं एकमेकांकडे बघतात. लग्नाच्या वाढदिवसाला द्यायला मागतायत. आता विचारतायत, तुम्हा दोघांचा टेबलाशी बसलेला एक फोटो मिळेल का. मी अजून हो म्हटलेलं नाही. बघ, सुधारले.

नोकरी बघतेय. जुन्या ऑफिसात गेले होते, माझ्या खुर्चीत एक मुलगी बसली आहे, शिक्का माझ्यापेक्षा जोरात मारते. दुसरीकडे सांगून ठेवलंय. या वयात कोण घेतं, पण बघतेय.

काल तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा भावोजींचा फोन आला होता. ते म्हणाले, तू दुपारी दार लावून बसतेस आणि काढलेलं गादीखाली ठेवतेस. त्यांनी एक बघितलं. मी विचारलं, कसं आहे? तर ताई, चहात साखर जास्त पडली तरी जो माणूस त्यावर तासभर बोलतो, तो तीनच शब्द बोलला. म्हणाले, "तू बघायला हवंस," आणि फोन ठेवून दिला.

एक पाठव ना. पेजवर लावणार नाही. दुकानदाराला दाखवणार नाही. फक्त मी बघेन, तुझी शपथ. इतकी वर्षं तुझी चित्रं आधी मीच बघत आले.

चिमणी

---

१८ मे

चिमणे,

जोड्या निघाल्या आहेत. फोटो मिळणार नाही. आम्ही काही वरातीला निघालेलो नाही.

दुसरं मागितलंस तेही मिळणार नाही. रागाने म्हणत नाही. तुझी शपथ खोटी आहे असंही म्हणत नाही, आजच्यापुरती ती खरी आहे. पण पुढचं मला दिसतं. तू बघशील, तुला आवडेल. मग खोलीत लावशील. कुणी आलं-गेलं विचारेल, कुणाचं गं. तू सांगशील. तो म्हणेल, मला असंच एक हवं. एकच. तुला नाही म्हणवणार नाही, नोकरी मिळेपर्यंत तर नाहीच. आणि मग मला ते रोज सकाळी उठून काढावं लागेल, तसंच्या तसं, मी मरेपर्यंत. लोकांना नाही आवडलं तर मला चालेल गं. आवडलं तर मी काय करू?

म्हणून कुणी बघायचं नाही. तूसुद्धा नाही. तू तर नाहीच.

मास्तरांना बोल बोल बोलले. ते म्हणाले, पुन्हा बघणार नाही. चेहऱ्यावरून वाटलं, बघतील. म्हणून जागा बदलली आहे. आता त्यांना गादी उचलून काही मिळायचं नाही, कंबर मात्र धरेल.

कुणाचं काढते, काय काढते, विचारू नकोस. चांगलं होतंय, एवढं तुला सांगते, कारण कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

कागद पाठव. निळा आणि तपकिरी रंग पाठव, गाढवांना तेवढेच लागतात. बाकीचे रंग मी इथूनच आणते. कुठला किती संपला, ते तुला कळायला नको.

तुझी ताई